मुलीची आई आणि बँकेचा कर्ज विभाग

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वय ३१, बी.एस्सी., दोन एकर बागायत, व्यसन नाही. सहा वर्षं स्थळं बघणं चाललंय. गावात त्याच्या वयाची चाळीसभर पोरं बिनलग्नाची आहेत म्हणे. तो विचारतो, "सगळे म्हणतात मुलींच्या अपेक्षा वाढल्या. अर्थशास्त्रवाल्यांना यात काही वेगळं दिसतं का, की ते शास्त्र शेअर बाजार आणि बजेटपुरतंच?"

दिसतं. मी शिवाजी विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि पुढची २७ वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. वर्गात शिकलेलं बरंचसं विसरलो. जे राहिलं ते टेबलापलीकडे सात-बारा, आठ-अ असे जमिनीचे कागद घेऊन बसलेल्या माणसांमुळे राहिलं. त्यामुळे माझं उत्तर जरा कर्ज विभागाच्या वळणाचं असेल, ते चालवून घ्या.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत. एक, मुली कमी का पडतायत? दोन, कमी पडतायत तर त्याचा फटका नेमका शेतकऱ्याच्याच पोराला का बसतोय? ‘अपेक्षा वाढल्या’ हे उत्तर दोन्हींना एकदम लावलं जातं, म्हणून ते पटल्यासारखं वाटतं. आणि एक कबुली आधीच देतो. तुमची जात कोणती, दोन एकर नदीकाठचं की लिफ्टच्या, म्हणजे उपसा योजनेच्या, पाण्यावरचं, भाऊ किती, आई-वडील कसे, यातलं मला काहीच ठाऊक नाही. शिरोळच्या नदीकाठचे दोन एकर आणि शाहूवाडीच्या डोंगरउतारावरचे दोन एकर यांना कुठलीच सोयरीक एका मापाने मोजत नाही. तेव्हा खाली जे आहे ते तुमच्यावरचा निकाल म्हणून वाचू नका.

आधी मोजणी. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. निसर्गात हा आकडा साधारण ९५० च्या आसपास असतो. आता वय लावून बघा. २००१ साली सहा वर्षांच्या आत असलेली पोरं म्हणजे आजची लग्नाच्या बाजारातली पिढी. तुमचा स्वतःचा जन्म त्याच सुमाराचा. त्यातल्या एकूण एक मुलीने जिल्ह्यातल्याच मुलाशी लग्न केलं, एकही पुण्याला गेली नाही, एकीनेही लग्न नको म्हटलं नाही, तरी १,००० तले १६१ मुलगे उरतात. सहात एक. तुम्ही कितीही पगार मिळवा, कितीही चांगलं घर बांधा, ही बेरीज हलत नाही. कुणाचा तरी नंबर त्यात लागणारच.

हे कुणी केलं? आपल्याच आई-वडिलांच्या पिढीने. आणि माझ्या मते त्यांच्यातला बहुतेक कुणीही स्वतःला राक्षस समजत नव्हता. शेतकऱ्याला पेन्शन नाही, म्हणून मुलगा हीच पेन्शन. मुलगी म्हणजे हुंडा, लग्नखर्च, आणि तिचे कष्ट दुसऱ्याच्या घरात. एका घरापुरता हिशोब बरोबर वाटायचा. महाराष्ट्रात गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९८८ साली आला, देशाचा १९९४ साली, तरी सोनोग्राफीच्या खोलीत हा हिशोब चालतच राहिला. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात: निर्णय माझा, फायदा माझा, पण किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी माथी. नदीत मळी सोडणाऱ्याची जी गोष्ट, तीच इथली. फरक एवढाच की या नदीचं पाणी वीस-पंचवीस वर्षांनी आपल्याच उंबऱ्याशी आलं. १९९० साली अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी हिशोब मांडला होता की जगात दहा कोटींहून जास्त स्त्रिया ‘नाहीशा’ आहेत, म्हणजे असायला हव्या होत्या पण नाहीत. तेव्हा तो आकडा आम्हाला परीक्षेपुरता होता. आता तो गावच्या पारावर बसलेला दिसतो.

पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारं उपकरण जोडण्याचं काम कोल्हापुरातच झालं. २०११ ला आकडा ८६३ वर आला. बरं झालं, पण तुमच्या पिढीला त्याचा उपयोग नाही.

आता दुसरा प्रश्न. उरणारे १६१ कोण? चिठ्ठ्या टाकून ठरवले असते तर त्यात डॉक्टरही असते, तलाठीही असते. पण मुलीकडची माणसं वरून निवडत येतात, त्यामुळे कमतरता सरकत सरकत तळाशी जाते. तळाशी कोण, हे ठरवणारी मुलीची आई नेमकं काय बघते?

ती बघते तेच जे मी २७ वर्षं बघत होतो. एखाद्या शाळेतला शिपाई वैयक्तिक कर्जाला आला की आम्ही तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि मालकाचं कपातीचं हमीपत्र घेत होतो आणि आठवड्यात रक्कम खात्यावर. चार एकरवाला बागायतदार आला की सात-बारा, आठ-अ, इतर हक्कातला बोजा, सोसायटीचा ना देय दाखला, दोन जामीनदार, त्यातला एक तरी नोकरदार पाहिजेच. बागायतदाराची वर्षाची कमाई शिपायापेक्षा जास्त असायची, कधी कधी दुप्पट. तरी आमचा विश्वास पावतीवर. बागायतदार बुडवा असतो म्हणून आम्ही असं करत नव्हतो. त्याची कमाई कधी आणि किती येईल हे त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून करत होतो. मुलीच्या आईने ‘नोकरी आहे का?’ विचारलं की तुम्हाला राग येतो. हाच प्रश्न मी छापील अर्जावर विचारत होतो, तेव्हा कुणाला राग आला नाही.

उसाचाच हिशोब घ्या, कारण ऊस हे तर आपल्याकडचं सगळ्यात खात्रीचं पीक. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती. आपल्या भागात उतारा जास्त, पण तोडणी-वाहतूक वजा होते. हातात टनाला ३,१०० धरा, एकरी ४० टन धरा. झाले सव्वा लाख. बियाणं, मशागत, खत, पाणी, भांगलण काढलं की साठ-सत्तर हजार उरले तर नशीब. दोन एकरांचे सव्वा-दीड लाख. आडसाली असेल तर तेही सोळा-अठरा महिन्यांनी. कायद्याने बिल १४ दिवसांत मिळायला हवं, आणि ते खात्यावर येण्याआधी सोसायटीचं पीक कर्ज कापून जातं. मध्ये २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर आला आणि शेंडा पाण्याखाली गेला की तेही नाही. महिन्यावर आणलं तर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हेल्परला जेवढं मिळतं त्याच्या अलीकडेपलीकडे. फक्त हेल्परचं दर महिन्याला येतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या आज्याचं लग्न तर शेतीवरच झालं. झालं, कारण १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ ला १.३४ राहिले. कोल्हापुरात तुकडे त्याहून लहान. आज्याचे आठ एकर म्हणजे ओढगस्तीचं वर्ष सोसणारा साठा होता. दोन एकर तसा साठा नाहीत. माणसांची अपेक्षा मला तरी फार बदललेली दिसत नाही. खात्रीचं खायला मिळावं, हीच ती आहे. ती खात्री आधी शेतातून यायची, आता पगारातून येते. ‘मुलगा पुण्यात पाहिजे पण गावाकडे शेतीही पाहिजे’ या अटीवर सगळे हसतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. पगार रोजच्याला, जमीन अडीअडचणीला. आम्ही कर्ज देताना पगार आणि तारण दोन्ही मागत होतो, त्याला कुणी हसलं नाही.

आता एक प्रसंग सांगतो, कारण या सगळ्यातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं तेच आहे.

निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. करवीरमधलेच एक गृहस्थ, साठीचे, घरबांधणीच्या कर्जाला आले. सव्वा एकर ऊस, तीन म्हशी, मुलगा एका वर्कशॉपमध्ये. नकाशा बघितला तर खाली चार खोल्या, वर तीन. मी विचारलं, "घरात माणसं किती?" म्हणाले, "तिघं." "मग सात खोल्या कशाला?" त्यांनी पिशवीचं तोंड दोनदा आवळलं आणि म्हणाले, "सायब, बघाय येणारी माणसं पयल्यांदा बाथरूम बघत्यात, मग पोरगं. गल्लीतल्या तिघांनी स्लॅब टाकलाय. आमचं कौलारू बघून गाडी दारातनं माघारी फिरती."

आठ लाख मंजूर केले, १५ वर्षांच्या मुदतीवर. हप्ता आठ हजारांच्या वर, म्हणजे वर्षाला लाखभर. मुलाचा पगार होता म्हणून कागदावर बसत होतं. वास्तुशांतीला मी जेवून आलो. पांढऱ्या टाइल्स, जिन्याला स्टीलचा कठडा, वरच्या संडासात गिझरसुद्धा. पुढच्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा वरच्या तीन खोल्यांपैकी एकीत पेंडीची पोती होती, एकीत कडबा, तिसरीला कुलूप. लग्न जमलं नव्हतं. तोवर गल्लीत आणखी दोन बंगले झाले होते, त्यातल्या एकाला वर एसी.

अर्थशास्त्रात मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेली संकेताची कल्पना आहे. समोरच्याला तुमची पात्रता दिसत नाही, म्हणून तुम्ही काहीतरी खर्चीक करून दाखवता. खर्चीक असणं महत्त्वाचं, कारण सगळ्यांना परवडलं तर त्या संकेताला अर्थ उरत नाही. आमच्या बँकेने, आणि इतरांनीही, कर्ज देऊन तो सगळ्यांना परवडेल असा केला. गल्लीत एकच बंगला होता तेव्हा त्याला किंमत होती. दहा झाल्यावर दहाही जण होते तिथेच, फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर हप्ता. यात्रेत तमाशा बघायला पुढचा माणूस उभा राहिला की मागचे सगळे उभे राहतात, आणि दिसतं मात्र बसून जेवढं दिसत होतं तेवढंच. त्या फाइलवर सही माझी आहे. नियमाने ती चुकीची नव्हती. पण मी त्या गृहस्थांना हे तेव्हा सांगितलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

इतकं सगळं मुलाच्या आणि मुलीच्या बापाच्या बाजूने झालं. मुलीच्या स्वतःच्या बाजूने बघितलं की चित्र आणखी स्पष्ट होतं, आणि इथे तुम्हाला थोडं लागेल असं लिहितोय.

तिचं वय २४, पदवी झालेली. तिच्या वडिलोपार्जित जमिनीत तिला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. पण लग्न झालं की वर्ष-दोन वर्षांत भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, आणि माहेर टिकावं म्हणून ती सही करते. अशी किती हक्कसोडपत्रं मी कर्जाच्या फाइलींत लावली असतील याला मोजदाद नाही. बहिणींची नावं कमी झाल्याशिवाय आमचंही कर्ज पुढे सरकायचं नाही. आता ही मुलगी तुमच्या घरी येणार. पहाटे धारा, शेण, वैरण, भांगलण, डबे. सात-बारा सासऱ्याच्या नावावर. दर दहा दिवसांनी दूध बिल येतं, तेही सासऱ्याच्या खात्यावर. म्हणजे शेतीतला कष्टाचा भाग तिचा आणि मालकीचा भाग दुसऱ्याचा. माहेरी हक्क सोडलेला, सासरी हक्क मिळालेला नाही. अशा धंद्यात तुम्ही तरी भागीदार म्हणून शिराल का? पुण्यात हडपसरच्या खोलीत राहून नवऱ्याच्या बेताच्या पगारावर ती जगेल, कारण तिथे निदान स्वतः नोकरी करायची मोकळीक आहे आणि ते पैसे तिच्या खात्यावर येतात.

गॅरी बेकर यांनी १९७० च्या दशकात लग्नाला बाजाराचं गणित लावलं, म्हणजे दोघं एकत्र येतात कारण एकत्र येण्यात दोघांचाही फायदा असतो. पुढे त्यांना नोबेल मिळालं. मला ते गणित अर्धं पटतं. ते घराला एकच तिजोरी समजतं, आणि आपल्या घरांत तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे यावरच सगळं असतं. सेन यांची मांडणी मला जास्त जवळची वाटते. घरातल्या वाटाघाटीत तुमचा शब्द किती चालतो हे यावर ठरतं की उद्या फिसकटलं तर तुमच्याकडे मागे काय आहे. पगार, जमीन, परत जायला माहेर. तिन्ही नसलेली बाई गप्प बसते. आणि आता शिकलेली मुलगी गप्प बसायची पाळी येण्याआधीच, म्हणजे पोहे देतानाच, नकार देते.

बाजाराच्या साध्या नियमाने, मुली कमी झाल्या तर त्यांचा भाव वाढून हुंडा संपायला हवा होता. शेतकरी मुलांच्या बाबतीत तसं झालंयही. दोन्हीकडचा खर्च मुलाकडचेच करतात. पण सरकारी नोकरीवाला अजून गाडी मागतोच, कारण बाजार एक नाहीच, दोन आहेत. आणि शेतकऱ्याकडून जो पैसा निघतो तो मुलीच्या हातात कधीच जात नाही. बापाकडे जातो, नाहीतर एजंटाकडे.

एजंटाविषयी थोडक्यात. बाहेरच्या जिल्ह्यातली, राज्यातली मुलगी आणून देतो म्हणणारे लाखांत रक्कम घेतात आणि चार दिवसांनी नवरी दागिन्यांसकट गायब, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल जे दाखवलं तेच हे. विकणाऱ्याला सगळं ठाऊक, घेणाऱ्याला काही नाही, तेव्हा खरा माणूस बाजूला पडतो आणि खोटा टिकतो. मुलीच्या गावी स्वतः न जाता, तिच्याशी आणि तिच्या घरच्यांशी न बोलता आणि रीतसर विवाह नोंदणी न करता यात पडू नका. आणि हेही लक्षात असू द्या की अशा व्यवहारांत कधी कधी फसलेली ती मुलगीच असते.

आता तुम्ही काय करावं. सहात एक हे तुम्ही एकट्याने बदलू शकत नाही, तेव्हा त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. एमपीएससीची चौथी-पाचवी वर्षं करत बसलेले तुमच्या गावात असतील. त्यातले कित्येक जण नोकरीपेक्षा लग्नासाठी अभ्यास करतायत, आणि तीच वर्षं हातातून जातायत. तो रस्ता तुमच्या वयाला मी सुचवणार नाही. लग्नासाठी म्हणून घरबांधणीचं कर्जही काढू नका. त्याचं कारण वर पेंडीच्या पोत्यांसकट सांगितलंय. संडास-बाथरूम मात्र जरूर चांगलं करा. ती दिखाव्याची गोष्ट नाही, आणि त्याला आठ लाख लागत नाहीत.

स्थळांचा परीघ वाढवा. शहाण्णव कुळी, देवक, पोटजात, प्रथमवधूच, पत्रिका, एवढी चाळण लावून आधीच कमी असलेल्यातून आणखी गाळत बसण्यात अर्थ नाही. आंतरजातीय विवाहाला आणि विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता शाहू महाराजांनी याच संस्थानात दिली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. जयंतीला आपण फेटे बांधतो, बायोडाटावर मात्र अजून ‘स्वजातीय’ छापतो.

आणि संकेत द्यायचाच तर असा द्या जो शेजाऱ्याला कर्ज काढून विकत घेता येणार नाही. लग्नानंतर दूध बिल तिच्या खात्यावर जाईल, हे पहिल्या बैठकीतच सांगा. तिचं नाव सात-बाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायला तयार आहात हे सांगा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणून हीच गोष्ट गावोगाव मांडली होती, आणि पुढे सरकारनेही तशी सोय केली. तलाठ्याकडे चौकशी करा. जमीन अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी त्यांच्याशी बोलावं लागेल, आणि ते बोलणं सोपं नसेल हे मला ठाऊक आहे. तिला नोकरी करायची असेल तर कागलच्या एमआयडीसीपर्यंत ती रोज जाऊ-येऊ शकते की नाही, म्हशींचं कोण बघणार, हे तुम्ही आधी ठरवून ठेवा, तिला ठरवायला लावू नका. एवढं करून लग्न जमेलच, असं मी म्हणत नाही. पण ज्या घरांत हे झालेलं मी पाहिलं, तिथल्या सुना कर्जाच्या फाइलीवर जामीनदार म्हणून नाही, अर्जदार म्हणून सही करायला येत होत्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तुम्हाला बहीण आहे का, आणि त्या दोन एकरांच्या सात-बाऱ्यावर तिचं नाव अजून आहे का? तेवढं कळवा, मग पुढचा हिशोब बोलू.